'व्हील', 'चक्र' आणि 'चाक' : एका शब्दकुलाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'व्हील' या शब्दापुढे सामान्यतः 'चाक, चक्र' असे दोन प्रतिशब्द स्वल्पविरामाने जोडून दिलेले आढळतात. त्या स्वल्पविरामामुळे दोन्ही शब्द परस्परांच्या जागी सहज वापरता येतात, असा समज होतो. मराठी भाषकाच्या व्यवहारात मात्र तसे घडत नाही. बैलगाडीला चाक असते, चक्र नसते. ऋतूंचे चक्र असते, चाक नसते. विष्णूच्या हाती चक्र असते, तर कुंभाराच्या पुढ्यात चाक असते. कोशाने एका ओळीत बसविलेले हे दोन शब्द भाषेने कधीच एका पंगतीला बसविलेले नाहीत.

दुसरा एक समज याहून अधिक रूढ आहे. 'व्हील', 'सायकल' आणि 'चक्र' यांच्यातील नाते लक्षात आले की, हे इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. नाते आहे, हे खरे. ते जनक-जन्य स्वरूपाचे आहे, हे खरे नाही. भगिनीभाव आणि मातृत्व यांतील हा भेद स्पष्ट नसेल, तर व्युत्पत्तिविचार हा अभिमानाचा विषय होतो, अभ्यासाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात 'व्हील' या इंग्रजी शब्दाचे मूळ, त्याचे अर्थ आणि त्याचा वापर यांचा विचार केला आहे. त्याच कुलातील मराठी शब्दांशी त्याची तुलना करून, समान उगमाचे शब्द वेगवेगळ्या भाषांत अर्थाची वाटणी कशी करतात, हे पाहण्याचा हेतू आहे.

२. 'व्हील'ची घडण

आजचा 'व्हील' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल' असा होता. त्याची 'ह्वेओगोल', 'ह्वेओवोल' अशी रूपेही आढळतात. जुन्या नॉर्स भाषेतील 'ह्वेल' व 'ह्योल' आणि डच भाषेतील 'वील' हे त्याचे जर्मानिक शाखेतील आप्त होत. ग्रीक 'कुक्लोस', अवेस्तातील 'चख्र', संस्कृत 'चक्र' आणि मध्य आशियातील लुप्त तोखारी भाषेतील 'कोकले' (अर्थ : रथ, गाडी) हे दूरच्या शाखांतील आप्त होत. या सर्वांच्या तुलनेवरून अभ्यासकांनी *'क्वेक्वलोस्' असे मूळ रूप कल्पिले आहे. शब्दापूर्वीचे तारकाचिन्ह हे रूप लिखित पुराव्यात आढळत नसून अनुमानाने सिद्ध केलेले आहे, एवढेच सुचविते.

या रूपाच्या मुळाशी 'वळणे, फिरणे' या अर्थाचा *'क्वेल्' हा धातू आहे. संस्कृतातील 'चर्' हा धातू त्याचाच वारस. म्हणजे 'चक्र' आणि 'चराचर', 'आचार', 'संचार' हे शब्द एकाच धातूच्या फांद्यांवरचे आहेत. लॅटिन भाषेत याच धातूपासून 'कोलेरे' (राहणे, जमीन कसणे) हे क्रियापद आले आणि त्यातून इंग्रजीतील 'कल्चर' व 'कॉलनी' हे शब्द निघाले.

धातूचा पहिला ध्वनी दोनदा उच्चारून हे नाम घडविले गेले आहे. या द्विरुक्तीचा अर्थ 'पुन्हापुन्हा वळणारे' असा होतो. मराठी भाषकाला ही युक्ती परकी नाही. 'गरगर', 'भिरभिर', 'घरघर' या शब्दांत फिरण्याची क्रिया आवाजाच्या आवर्तनाने सुचविली जाते. मुलांच्या हातातल्या 'भिरभिऱ्या'चे नावही तसेच पडले आहे. 'चक्र' हा शब्द प्राचीन काळातील असे एक भिरभिरेच होय. तो आकारावरून नव्हे, तर गतीवरून पडलेला शब्द आहे, ही गोष्ट पुढील अर्थविचारात महत्त्वाची ठरते.

एकाच शब्दाचे एकीकडे 'व्हील' आणि दुसरीकडे 'चक्र' कसे झाले, याचे उत्तर ध्वनिनियमांत मिळते. ग्रिमच्या नियमानुसार मूळ 'क' वर्गातील ध्वनी जर्मानिक शाखेत 'ह' होतो. म्हणून 'क्व'चा 'ह्व' झाला. 'ह्वेओगोल' या रूपातील 'ग'चा उलगडा वर्नरने मांडलेल्या, आघातावर अवलंबून असणाऱ्या नियमाने होतो. संस्कृतात निराळे घडले. 'ए' या तालव्य स्वरापूर्वी आलेला पहिला 'क्व' हा 'च' बनला. दुसऱ्या 'क्व'पुढे असा स्वर नसल्याने तो 'क'च राहिला. आणि मूळ 'ल'चा 'र' झाला. नंतर 'ए'चाही 'अ' झाल्यामुळे तालव्यीकरणाचे कारण दिसेनासे झाले, पण त्याचा परिणाम 'च'च्या रूपाने उरला. 'कृ' धातूचे परोक्षभूतातील रूप 'चकार' असे का होते, याचे कारणही हेच आहे. याच उदाहरणांच्या आधारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सिद्ध झाले की, स्वरांच्या बाबतीत संस्कृत ही मूळ भाषेची अविकृत प्रत नाही. 'व्हील' हा 'चक्र'पासून निघाला असता, तर त्यातील 'ल'चा आणि स्वराचा उलगडा झाला नसता. 'चक्र' ही 'व्हील'ची माता नसून ज्येष्ठ भगिनी आहे.

लेखनाविषयी एक टीप आवश्यक आहे. जुन्या इंग्रजीत 'ह' आधी आणि 'व' नंतर लिहिला जात असे. नॉर्मन राजवटीनंतरच्या लेखकांनी हा क्रम उलटा केला. बहुतेक इंग्रजी भाषकांच्या उच्चारातून तो 'ह' आता गेला आहे. स्कॉटलंडमधील अनेकांच्या बोलण्यात मात्र तो टिकून आहे. मराठीने 'व्हील' असे लिहिताना तो महाप्राण लिपीत जपून ठेवला आहे.

३. वस्तू आणि तिची उपांगे

शब्दाइतकाच वस्तूचाही इतिहास लक्षात घ्यावा लागतो. पोलंडमधील ब्रोनोचित्से येथे सापडलेल्या एका मृत्पात्रावर चार चाकांच्या गाडीसारखी आकृती कोरलेली असून ते पात्र इ. स. पूर्व सुमारे ३५०० या काळातील मानले जाते. स्लोव्हेनियातील ल्युब्ल्याना नजीकच्या दलदलीत २००२ साली आसासह सापडलेले लाकडी चाक पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली काशाचा जो रथ सापडला, त्याला दोन बैल जुंपलेले असून त्याची चाके भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत.

केवळ 'चाक' हाच शब्द नव्हे, तर गाडीच्या अंगोपांगांची नावेही अनेक इंडो-युरोपीय भाषांत समान उगमाची आहेत. संस्कृत 'युग', मराठी 'जू', इंग्रजी 'योक'. संस्कृत 'अक्ष', मराठी 'आस', इंग्रजी 'ॲक्सल'. संस्कृत 'नाभि' आणि चाकाच्या तुंब्यासाठी इंग्रजीत असलेला जुना शब्द 'नेव्ह' ही त्याची उदाहरणे. इतकी नावे समान आहेत, त्याअर्थी गाडीचा शोध लागला तेव्हा मूळ भाषकसमूह फारसा विखुरलेला नसावा, असे अनुमान काढले जाते. डेव्हिड अँथनी यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात याच अनुमानावर भर दिला आहे. याला आक्षेपही आहेत. 'फिरणे' या अर्थाच्या जुन्या धातूपासून नवी नावे वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे बनू शकतात, असे काहींचे म्हणणे आहे. इंडो-युरोपीय भाषांतील अतिप्राचीन नोंदींच्या हित्ती भाषेत चाकाला 'हुर्कि' असा निराळाच शब्द आहे, हेही विसरता येत नाही. लॅटिन 'रोटा' आणि जर्मन 'राड' हे चाकाचे आणखी एक कुल होय. संस्कृत 'रथ' त्या कुलातला. म्हणजे चाकाला आरंभापासून एकच नाव नव्हते.

४. एका मुळाचे दोन मराठी शब्द

संस्कृत 'चक्र' मराठीत दोन वाटांनी आला. एक वाट ग्रंथांची, दुसरी बोलण्याची. ग्रंथांच्या वाटेने तो जसाच्या तसा 'चक्र' म्हणून आला. बोलण्याच्या वाटेवर प्राकृतात त्याचा 'चक्क' झाला. मराठीत त्यातील जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ झाला आणि 'चाक' हे रूप सिद्ध झाले. 'हस्त-हत्थ-हात', 'सप्त-सत्त-सात', 'सूत्र-सुत्त-सूत' ही साखळी याच नियमाची आहे.

या दोन वाटांची खूण लिपीत दिसत नाही, पण कानाला कळते. 'चक्र'मधील 'च' तालव्य आहे, तर 'चाक'मधील 'च' दंततालव्य आहे. मराठीतील तद्भव व देशी शब्दांत 'अ', 'आ', 'उ', 'ओ' या स्वरांपूर्वी येणारा 'च' सामान्यतः दंततालव्य होतो; तत्सम शब्दांत तो तालव्यच राहतो. दोन्ही उच्चारांना एकच अक्षर असल्यामुळे हा भेद व्याकरणाच्या वर्गात अनेकदा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः शब्द कोणत्या वाटेने भाषेत आला, याची ती उच्चारात उरलेली साक्ष आहे.

वाटा निराळ्या, तसे अर्थही निराळे झाले. 'चक्र'कडे अमूर्त, पवित्र आणि शास्त्रीय अर्थ गेले : कालचक्र, ऋतुचक्र, धर्मचक्र, सुदर्शनचक्र, योगशास्त्रातील षट्चक्रे, चक्रवर्ती, चक्रव्यूह, दुष्टचक्र, चक्रवाढ व्याज. यामागे मोठी ग्रंथपरंपरा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात संवत्सर हे बारा भागांचे चक्र म्हणून येते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ, पर्जन्य आणि अन्न यांच्या परस्परावलंबनाला चक्र म्हटले आहे. 'चाक'कडे हातात धरता येणाऱ्या वस्तू राहिल्या : गाडीचे, रथाचे, कुंभाराचे, गिरणीचे चाक. 'चकती' व 'चकली' हे शब्दही याच कुलात जमा केले जातात. मात्र 'चकली'तील 'ल' हा मूळ इंडो-युरोपीय 'ल' नव्हे. तो पुढील काळातील प्रत्ययाचा आहे.

तथापि 'चाक' केवळ वस्तुवाचक राहिले, असे म्हणता येत नाही. गाड्यांच्या येण्याजाण्याने मातीत पडलेल्या खोल खुणेला 'चाकोरी' म्हणतात. त्यावरून 'चाकोरीबद्ध जीवन', 'चाकोरीबाहेरचा विचार' हे प्रयोग आले. 'चक्र'ला ही प्रतिमा साधली नाही. चक्र आकाशात फिरते; चाकोरी पडायला जमीन आणि ओझे लागते. पाली 'धम्मपदा'च्या पहिल्याच गाथेत दुःख हे ओझे ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकासारखे मागे लागते, असा दृष्टान्त आहे. तेथेही चाक हे जमिनीवरचे, भाराचे आहे.

ध्वनिसाम्याने फसण्याचे प्रसंगही येथे येतात. 'चाकर' व त्यावरून आलेला 'चाकरमानी' यांचा चाकाशी संबंध नाही. 'चाकर' हा फारसीतून आलेला शब्द आहे. इंग्रजीतही 'व्हर्ल' (गरगर फिरणे) हा शब्द 'व्हील'चा आप्त वाटतो. तो वस्तुतः वेगळ्या धातूचा आहे.

५. विखुरलेल्या आप्तांची पुनर्भेट

इंग्रजीतही अशीच दोन वाटांची कथा आढळते. 'व्हील' हा वारशाने आलेला शब्द घरात असताना ग्रीक 'कुक्लोस'पासून लॅटिन-फ्रेंचमार्गे 'सायकल' हा विद्वानांचा शब्द आला आणि आवर्तनाचा अमूर्त अर्थ त्याने घेतला. ऋतूंची, व्यापारातील तेजीमंदीची किंवा पेशींच्या वाढीची आवर्तने इंग्रजीत 'सायकल' होत, 'व्हील' नव्हेत. म्हणजे इंग्रजीतील 'व्हील' व 'सायकल' यांचे परस्परांशी जे नाते आहे, तेच मराठीतील 'चाक' व 'चक्र' यांचे आहे. 'ॲक्सल' आणि 'ॲक्सिस' ही इंग्रजीतील जोडीही तशीच : पहिली गाडीची, दुसरी भूमितीची. मराठीत गाडीचा 'आस' आणि आलेखाचा 'अक्ष' अशी वाटणी झाली. फरक एवढाच की, मराठीने पृथ्वीलाही आसच दिला आहे.

दुचाकी वाहनासाठी एकोणिसाव्या शतकात 'बायसिकल' हा शब्द घडला आणि तो 'सायकल' होऊन मराठीत आला. त्यामुळे 'सायकलीचे चाक' या साध्या शब्दबंधात एकच प्राचीन शब्द दोनदा येतो. एकदा ग्रीसहून फिरून आलेला आणि एकदा प्राकृतातून उतरलेला. अवेस्ती 'चख्र'शी नाते असलेल्या फारसी 'चर्ख'मध्ये वर्णांची अदलाबदल झाली आहे. त्यावरून 'चरखा' आला. उसाचा रस काढण्याच्या यंत्राचे 'चरक' हे नावही त्याच फारसी शब्दाचे. हिंदीमार्गे 'चक्कर' आला. मराठीत तो येते, मारलीही जाते. तोच 'चक्कर' पोलो या खेळातील एका डावाच्या कालखंडासाठी 'चकर' म्हणून इंग्रजीत गेला. अशा रीतीने चक्र, चाक, चरखा, चरक, चक्कर, सायकल ही एकाच घरची मंडळी वेगवेगळ्या देशांचे पाणी पिऊन मराठीत एकत्र आली आहेत.

या संदर्भात 'सायक्लोन' या शब्दाची हकिकत उद्बोधक आहे. बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करणारे हेन्री पिडिंग्टन हे कलकत्त्यात नोकरीस होते. वादळातील वारे एका केंद्राभोवती फिरतात, हे सुचविण्यासाठी त्यांनी ग्रीक शब्दाच्या आधारे 'सायक्लोन' ही संज्ञा घडविली. खलाशांसाठी लिहिलेल्या त्यांच्या १८४८ सालच्या पुस्तकाने ती रूढ केली. पुढे मराठीने तिला 'चक्रीवादळ' हा प्रतिशब्द दिला. भारतीय किनाऱ्यावर घडलेल्या ग्रीक शब्दाचे भाषांतर करताना मराठीने नकळत त्याच शब्दाचा भारतीय आप्त योजिला.

६. 'व्हील'चा अर्थविस्तार आणि मराठी पर्याय

'व्हील'च्या अर्थविस्ताराचे टप्पे ढोबळपणे चार सांगता येतात. पहिला यंत्राचा : गाडी, पाणचक्की, सूतकताई, कुंभारकाम. दुसरा दंडाचा : मध्ययुगीन युरोपात चाकावर हातपाय मोडून देहदंड दिला जाई. संत कॅथरीन हिच्या आख्यायिकेतील चाकामुळे दारूकामातील फिरत्या चक्राला 'कॅथरीन व्हील' हे नाव मिळाले. मराठीतील त्याचे भावंड 'भुईचक्र' दिवाळीत लावले जाते. त्याच्या नावात छळाची कसलीही आठवण नाही. वस्तू सारखी असूनही नावामागची स्मृती किती भिन्न असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरा टप्पा दैवाचा. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोएथियसने कारावासात लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात दैवदेवता आपले चाक फिरवून माणसांना वरखाली करते. हा ग्रंथ आल्फ्रेड राजाच्या प्रेरणेने जुन्या इंग्रजीत आणि चौदाव्या शतकात चॉसरकडून मध्य इंग्रजीत आला. ही प्रतिमा इंग्रजीत 'व्हील'लाच चिकटून राहिली, 'सायकल'कडे गेली नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये दैवाचे हे चाक पुरा फेरा घेऊन मूळ जागी येते. आजच्या इंग्रजी वाक्प्रचारातून त्यातील चाक गळाले असून केवळ पूर्ण वर्तुळ उरले आहे. 'एक वर्तुळ पूर्ण झाले' हा मराठी गद्यातील रूढ प्रयोग त्याचाच अनुवाद होय. मराठीने वर्तुळ घेतले. त्यामागील चाक तिला दिसले नाही.

वास्तविक भारतीय परंपरेत ही प्रतिमा होतीच. कालिदासाच्या 'मेघदूता'त मनुष्याची दशा चाकाच्या धावेप्रमाणे खालीवर होते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या अखेरीस दैवाला विहिरीवरच्या रहाटाच्या घटिकांची उपमा दिली आहे. मराठी लोकव्यवहाराने यांतील दुसरी प्रतिमा स्वीकारली. 'संसाराचे रहाटगाडगे' या शब्दांत भरलेली गाडगी वर येतात, रिती खाली जातात. युरोपातील चाकावर राजे चढतात आणि कोसळतात. मराठी रहाटावर पाणी चढते. पहिल्या प्रतिमेत पतनाचे भय आहे, दुसरीत न संपणाऱ्या कष्टाची जाणीव आहे. मळ्याला पाणी देणाऱ्या समाजाने दैवासाठी मळ्यातलेच यंत्र निवडले.

चौथा टप्पा नियंत्रणाचा. जहाजाचे आणि पुढे मोटारीचे दिशादर्शक चाक यांमुळे 'व्हील हाती असणे' म्हणजे सत्ता हाती असणे, असा अर्थ रूढ झाला. मराठीत येथे 'चाक' चालत नाही. 'सुकाणू हाती घेणे' हेच योग्य होते. येथेच शब्दशः भाषांतर फसते. चाकात आरा खुपसून ते अडविण्याच्या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीत 'पाचर मारणे' किंवा 'खो घालणे' आहे. चाकाला खांदा लावण्याला 'कंबर कसणे' आहे. केवळ 'वंगण घालणे' हे दोन्ही भाषांत जुळते आणि लाचेच्या अर्थानेही जुळते. 'व्हील' हे इंग्रजीत क्रियापदही आहे : पक्षी 'व्हील' करतो, सैन्याची रांग 'व्हील' करते, रुग्णाला खुर्चीवरून 'व्हील' करीत नेतात. मराठीत 'चाक'चे क्रियापद होत नाही. पक्षी घिरट्या घालतो, रांग वळते, खुर्ची ढकलली जाते. इंग्रजीने एका शब्दात ज्या तीन क्रिया कोंबल्या, त्या मराठीने तीन वेगळ्या डोळ्यांनी पाहिल्या.

नव्या शब्दांची निर्मितीही लक्षणीय आहे. 'टू-व्हीलर'साठी मराठीत 'दुचाकी' रुळला, त्यामागून 'तीनचाकी', 'चारचाकी' आले. संस्कृतप्रचुर 'द्विचक्री' लोकांच्या तोंडी बसला नाही. वस्तू रस्त्यावरची असल्याने भाषकांनी 'चाक' निवडले. उलट वृत्तपत्रांत पोलीस तपासाची 'चक्रे' फिरवितात, कारण तेथे डोळ्यांना दिसणारे चाक नाही. कोणत्याही समितीने न ठरविलेला हा नियम सामान्य भाषक अचूक पाळतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. एक, 'व्हील' आणि 'चक्र' यांचे नाते समान पूर्वजाचे आहे. कोणा एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही, आणि ध्वनिनियमांच्या आधाराने हे दाखविता येते. दोन, एकाच मुळाचा वारशाने आलेला आणि ग्रंथांतून आलेला असे दोन शब्द भाषेत एकत्र आले की, पहिल्याकडे हाताचे काम आणि दुसऱ्याकडे विचाराचे काम जाण्याची प्रवृत्ती इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत दिसते. मात्र ही वाटणी पूर्ण नसते. 'चाकोरी' आणि दैवाचे 'व्हील' हे तिचे ठळक अपवाद होत. तीन, व्युत्पत्ती शब्दाचे कुल सांगते, त्याचा आजचा अर्थ ठरवीत नाही. उगम एक असूनही 'व्हील'च्या प्रत्येक प्रयोगाला मराठीत चाक, चक्र, सुकाणू, घिरटी किंवा रहाटगाडगे असे निरनिराळे उत्तर शोधावे लागते.

म्हणून कोशातील 'चाक, चक्र' या नोंदीमधील स्वल्पविराम पुरेसा नाही. तेथे अर्थक्षेत्रांची विभागणी, प्रयोगांची उदाहरणे आणि 'च'च्या उच्चारभेदाची नोंद असावयास हवी. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन नोंदींची गरज शब्दाच्या प्राचीन कुळकथेपेक्षा अधिक आहे. कुळकथा रंजक असते. पण गाडी चालते ती चाकावर, आणि भाषा चालते ती भाषकाच्या निवडीवर.